पाठीवरचे बिऱ्हाड

'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण आपण बहुधा दुसऱ्याची कीव करताना वापरतो. कुणाची वरचेवर बदली होते, कुणाला घरमालक टिकू देत नाही, कुणी नोकरीसाठी गावोगाव हिंडतो, की लगेच हे वाक्य आपल्या तोंडी येते. ज्याचे बिऱ्हाड पाठीवर तो अभागी आणि ज्याचे बिऱ्हाड चार भिंतींत तो भाग्यवान, असा आपला एक पक्का समज आहे. पण मराठी माणसाचा इतिहास उघडून पाहिला तर त्यातली निम्मीअधिक पाने तंबूत लिहिलेली आढळतात. ज्यांची नावे घेऊन आपण छाती फुगवतो, त्या मंडळींचे आयुष्य दसऱ्यापासून पावसाळ्यापर्यंत, म्हणजे वर्षातले आठ महिने, घराबाहेर जाई. त्यांच्या पत्रांत 'मुक्काम' हा शब्द हटकून भेटतो. गंमत अशी, की तंबू गेले, घोडे गेले, मोहिमाही संपल्या, तरी कोल्हापूर-साताऱ्याकडच्या पत्त्यावर आजही 'मु. पो.' लिहिलेले असते. ज्या घरात आपल्या सात पिढ्या नांदल्या त्यालाही आपण पत्त्यात मुक्कामच म्हणतो! भाषेला जे आठवते ते पुष्कळदा बोलणाऱ्याला आठवत नाही.

मी मुलुंडला राहतो. आमच्या इमारतीपासून पाच मिनिटांच्या अंतरावर जो रस्ता आहे त्याचे आजचे नाव लाल बहादूर शास्त्री मार्ग. पण माझ्या पिढीच्या तोंडी अजून 'आग्रा रोड' हेच बसलेले आहे. ते नाव उगाच पडलेले नाही. शीव आणि कुर्ला यांमधल्या खाडीवरचा बांध १८०५ साली पुरा झाला आणि मुंबई बेटातून पायी किंवा गाडीने साष्टीत येण्याची सोय झाली. तिथून कुर्ला, घाटकोपर, भांडुप, मुलुंड, ठाणे, पुढे थळघाट चढून नाशिक, धुळे, इंदूर, ग्वाल्हेर आणि आग्रा, अशी ही वाट. आज जिथे साड्यांची दुकाने आणि मॉल आहेत, त्या बाजूने एके काळी बैलगाड्यांच्या रांगा चालत. पूर्वेला खाडीकाठी मिठागरे होती. काहींच्या खुणा अजूनही दिसतात. लमाण-बंजाऱ्यांचे तांडे देशावरचे धान्य कोकणात उतरवीत आणि परत जाताना बैलांच्या पाठीवर कोकणातले मीठ घालून घाट चढत. मुलुंड १९५७ साली बृहन्मुंबईत आले आणि शहराची वेस आमच्या दारापर्यंत आली. पुढे कित्येक वर्षे मुलुंडचा जकात नाका हीच मुंबईची खरी हद्द होती. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि जकात संपली. परंतु नाक्याचे नाव तेवढे उरले.

तर या रस्त्याशी ज्याचा पिढीजात संबंध असे बिऱ्हाड आता पुन्हा रस्त्यावर येऊ लागले आहे. पण ते बैलांच्या पाठीवर नव्हे, मोटारीच्या चाकांवर. आत झोपायची सोय, ओटा, पाण्याची टाकी, लहानसे न्हाणीघर असलेली गाडी घेऊन महिनोन्‌महिने हिंडणारी माणसे आपल्याकडेही दिसू लागली आहेत. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली अशा गाड्यांसाठी आणि त्यांच्या थांब्यांसाठी 'कॅराव्हॅन पर्यटन धोरण' मंजूर केले. गोऱ्या साहेबाची ही नवी चूष आहे असे कित्येकांना वाटते. साहेबाचा त्यात वाटा आहे हे खरे. गॉर्डन स्टेबल्स नावाच्या, आरमारातून निवृत्त झालेल्या डॉक्टराने १८८५ साली ब्रिस्टल येथे दोन घोड्यांची एक चालती कोठी बांधून घेतली, तिला 'वॉन्डरर' म्हणजे भटकी असे नाव दिले आणि इंग्लंडच्या दक्षिणेकडून थेट स्कॉटलंडमधील इन्व्हर्नेसपर्यंत मजल मारली. मौजेसाठी चालत्या घरात राहण्याची चाल विलायतेत त्याच्यापासून फोफावली असे मानतात. पण गरजेसाठी चालत्या घरात कसे राहावे, हे त्याच्या कितीतरी आधी आपल्याकडच्या माणसांना ठाऊक होते. त्यांचे ते शहाणपण मला कसे शोधावे लागले, ते सांगतो.

माझे एक मावसभाऊ घाटकोपरला राहतात. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो. त्यांची इमारत पुनर्बांधणीला गेली. आता उपनगरांतल्या वाचकांना पुनर्बांधणी म्हणजे काय हे समजावून सांगायला नको. दर चार घरांमागे एका घरात सध्या हाच विषय चालतो. चाळीस वर्षांचा संसार खोक्यांत भरायचा, तीन वर्षे भाड्याच्या जागेत काढायची आणि नव्या घराच्या किल्लीची वाट पाहायची. दादांनी निराळाच बेत केला. त्यांनी एक जुनी मिनीबस घेतली, एका कारागिराकडून तिच्यात दोन बाके, एक ओटा, टाकी आणि पंखा बसवून घेतला, सामान भावाकडे ठेवले आणि जाहीर केले, की पहिले सहा महिने आम्ही नवराबायको नर्मदाकाठ, माळवा, बुंदेलखंड आणि काशी करणार. भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी निघायचे. वहिनी हसून हो म्हणत होत्या, पण एकदा दादा खाली गेलेले पाहून त्या मला म्हणाल्या, "भाऊजी, घर पाडतात त्याचं मला एवढं वाटत नाही. पण रोज संध्याकाळी मी नेमकी कुठं परत येणार, ते मला कुणी सांगेल का?"

हा प्रश्न साधा नव्हता. दादांचा बेत मी ऐकला तर पहिल्या दिवशी घाटकोपर ते धुळे, दुसऱ्या दिवशी इंदूर, असा होता. गाडी नवी, तिच्यातले घर नवे, माणसे साठीपलीकडची आणि पहिल्याच दिवशी तीनशे किलोमीटर! मला जुनी पुस्तके चाळायचा नाद आहे. आपल्या पूर्वजांनी लांबच्या प्रवासाची सुरुवात कशी केली असेल हे मी पाहू लागलो. आणि जिकडे पाहावे तिकडे एकच गोष्ट दिसू लागली. ती म्हणजे, लांब जाणारा माणूस पहिल्या दिवशी लांब जात नसे.

आषाढी वारीचेच पाहा. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून प्रस्थान ठेवते. टाळमृदंगाचा कल्लोळ होतो, हजारो माणसांच्या डोळ्यांत पाणी येते, पालखी देवळाबाहेर पडते आणि त्या रात्री मुक्काम कुठे करते? आळंदीतच! मंदिराच्या अगदी शेजारी, ज्याला माउलींचे आजोळघर म्हणतात तिथे. तुकाराम महाराजांची पालखी आदल्या दिवशी देहूहून निघते; तिचाही पहिला मुक्काम देहूतच, इनामदार वाड्यात. दुसरा आकुर्डीला, म्हणजे पुन्हा हाकेच्या अंतरावर. ज्यांना अडीचशे किलोमीटर चालून पंढरपूर गाठायचे आहे, ती माणसे पहिल्या दिवशी पाचशे पावलेही टाकत नाहीत. ज्याने हे ठरवले तो काय वेडा होता?

पेशव्यांचीही रीत तीच. स्वारी मोहिमेवर निघाली म्हणजे मुहूर्तावर वाड्याबाहेर पडून 'डेरेदाखल' होई. आणि हे डेरे पडत ते पुण्याच्या वेशीबाहेर, गारपिरासारख्या जवळच्या मैदानात. तिथे सरदार येऊन मिळत, राहिलेले सामान येई, हिशेब होत, मग खरी कूच. आणि सामान्य गृहस्थाची रीत काय होती? आपल्या आजीपणजीला ती पक्की ठाऊक होती. निघायचा मुहूर्त आज आहे आणि निघणे उद्या-परवावर गेले, तर तांदूळ-सुपारी फडक्यात बांधून ती पुरचुंडी शेजारच्या घरी किंवा देवळात नेऊन ठेवायची. यालाच 'प्रस्थान ठेवणे' म्हणत. माणूस अजून घरातच जेवतो आहे, पण त्याचा प्रवास मात्र शेजारी जाऊन बसला आहे!

आपण शिकलेली माणसे याला मुहूर्ताचे खूळ म्हणून मोकळे होतो. मुहूर्ताचे काय असेल ते असो. पण त्याच्या पोटात व्यवहार फार मोठा दडलेला आहे. घर हलते तेव्हा काय विसरले हे घर सोडल्याशिवाय कळत नाही. कोणता बैल चालत नाही, कोणती दोरी आखूड पडते, कोणत्या पोराला गाडी लागते, हे पहिल्या रात्रीच उमगते. ते उमगावे आणि तरीही मागे जाऊन वस्तू आणता यावी, इतक्या अंतरावर पहिली रात्र काढायची. पहिला मुक्काम हा प्रवासाचा भाग नव्हेच. तो घराचाच शेवटचा उंबरठा आहे. त्या डॉक्टर स्टेबल्सनेदेखील उत्तरेची लांब मजल मारण्याआधी जवळच्या मेडनहेडच्या माळापर्यंत चाचणीची फेरी केली आणि तिथे वादळपावसाचा मार खाऊन घेतला. अनुभव पुण्यात घ्या की इंग्लंडात, शहाणपण सारखेच निघते.

ही सवय आपल्यातून गेली ती आगगाडीने. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून सुटलेली पहिली गाडी ३४ किलोमीटरवरच्या ठाण्याला पोहोचली. १८६५ साली रूळ थळघाट चढून इगतपुरीला गेले. गाडीत बसले की आपोआप पोहोचायचे, अशी सवय माणसाला लागली आणि पहिल्या मुक्कामाची गरजच संपली. आगगाडीत आपण पाहुणे असतो. तिथे आपले काही मोडत नाही. पण जो आपले घर स्वतः हाकतो, तो पुन्हा बैलगाडीच्या काळात गेलेला असतो, मग त्याच्या गाडीला इंजिन का असेना.

दुसरी गोष्ट मला दिसली ती जागेची. १८०९ साली टॉमस ब्रॉटन नावाचा एक इंग्रज अधिकारी रेसिडेंटाच्या रक्षक तुकडीबरोबर दौलतराव शिंद्यांच्या छावणीत राहत होता. त्याने भावाला लिहिलेली पत्रे पुढे १८१३ साली पुस्तकरूपाने निघाली. मराठ्यांविषयी त्याचे मत काही फारसे चांगले नव्हते. पण डोळे उघडे होते. तो सांगतो, की छावणी हलली म्हणजे एक अधिकारी पुढे जाऊन जागा निवडी आणि शिंद्यांचे डेरे जिथे पडायचे तिथे एक लहानसे पांढरे निशाण रोवी. मग त्या निशाणाच्या मानाने एकेका सरदाराचे, एकेका बाजाराचे निशाण लागे. दुकाने सरळ रांगेत मांडली जात आणि दर मुक्कामी ती त्याच क्रमाने. म्हणजे काल रात्री ज्याच्या डाव्या हाताला वाणी होता, त्याच्या आज रात्रीही डाव्याच हाताला वाणी. मैदान बदलले, नदी बदलली, मुलूख बदलला; पण शेजार बदलला नाही. एवढे मोठे शहर रोज मोडायचे आणि रोज उभे राहायचे, आणि तरीही माणूस अंधारात आपल्या तंबूपर्यंत बिनचूक जायचा.

हीच शिस्त वारीत आहे आणि तो योगायोग नव्हे. माउलींच्या पालखी सोहळ्याला आजचे रूप देणारे हैबतबाबा आरफळकर हे शिंद्यांच्याच चाकरीत राहिलेले गृहस्थ होते असे सांगतात. १८३२ च्या सुमारास त्यांनी हा सोहळा बांधला. अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे दिले, तंबू दिले. रथापुढच्या दिंड्यांना क्रमांक, रथामागच्या दिंड्यांना क्रमांक. आपली जागा कुणी सोडायची नाही. संध्याकाळी मुक्कामावर समाजआरती होते. चोपदाराने दंड उंच केला की क्षणात टाळमृदंग गप्प होतात आणि मग काय ऐकू येते? हरवलेल्या आणि सापडलेल्या वस्तूंची यादी! कुणाची पिशवी, कुणाचा चष्मा. भक्तीच्या एवढ्या महापुरातही ज्यांनी चष्म्याची सोय लावली, त्यांना प्रवास खरा कळला होता. वहिनींच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मला इथे मिळाले. चालत्या घरात माणूस परत येतो तो गावाला नव्हे, जागेला येतो. ती जागा पक्की पाहिजे.

तिसरी गोष्ट ओझ्याची आणि चालीची. कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजी येथे शिवछत्रपतींची बखर लिहिली. तीत लष्कराची शिस्त सांगितली आहे. मोहिमेवर निघताना लहानथोर प्रत्येकाच्या चीजवस्तूंचा झाडा लिहून घेत आणि परत आल्यावर तो ताडून पाहत. बायका, बटकी, कलावंतिणी बरोबर न्यायच्या नाहीत असा सक्त हुकूम होता. लष्कर हलके, म्हणून चाल जलद. शंभर वर्षे गेली नाहीत तोच चित्र पालटले. १७६० च्या मार्चमध्ये सदाशिवरावभाऊ पटदूरहून उत्तरेकडे निघाले तेव्हा फौजेबरोबर कुटुंबे होती, यात्रेकरू होते, बुणगे होते. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईही होत्या. कुटुंबे आणि जड सामान मागे किल्ल्यांत ठेवावे असा सल्ला सूरजमल जाटाने दिला होता, असे जुने वृत्तान्त सांगतात. तो मानला गेला नाही. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर जे झाले त्याची कारणे पुष्कळ आहेत. सगळा दोष बिऱ्हाडाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. परंतु एवढे खरे, की लढाई हा एक प्रवास आणि संसार हा दुसरा. दोन्ही एकाच चालीने चालत नाहीत. ज्याला घर बरोबर न्यायचे आहे त्याने घराच्या चालीने जावे.

ती चाल कोणती? पीटर मंडी नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याने १६३२ साली उत्तर हिंदुस्थानात बंजाऱ्यांचा एक तांडा पाहिला. धान्याने लादलेले १४,००० बैल त्यात होते. बायकापोरे, सारा संसार बरोबर. तो लिहितो, की हे लोक दिवसाला सहा-सात मैलांपेक्षा अधिक जात नाहीत आणि तेही सकाळच्या गारव्यात. मग गोण्या उतरवून बैल चरायला सोडतात. सहा-सात मैल म्हणजे दहा-अकरा किलोमीटर. आपल्या भाषेत बोलायचे तर घाटकोपर ते मुलुंड! लोकलगाडीत जेवढ्या वेळात आपल्याला बसायला जागा मिळते, तेवढे अंतर तांडा दिवसभरात कापी. पण तो तसाच जन्मभर चाले आणि कधी थकत नसे, कारण त्याला कुठे पोहोचायचेच नव्हते. जिथे गोणी उतरली ते घर.

हे सारे मी दादांपुढे मांडले. ते हसले. म्हणाले, "म्हणजे पहिला मुक्काम तुझ्याकडे मुलुंडला करू म्हणतोस?" मी म्हणालो, "तेच म्हणतोय. बंजाऱ्यांची पुरती मजल होईल." आणि खरोखरच भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी त्यांची गाडी घाटकोपरहून निघाली आणि तासाभराने आमच्या इमारतीच्या आवारात येऊन थांबली. रखवालदाराने वहीत 'पाहुणे' असे लिहिले आणि 'जाण्याची वेळ' या रकान्यापाशी पेन्सिल धरून तो बराच वेळ विचार करीत उभा राहिला.

त्या दोन रात्रींत जे उमगले ते धुळ्याच्या वाटेवर उमगले असते तर कठीण होते. भांडुपच्या एका वळणावरच मिसळणाचा डबा घरंगळून हळद-तिखट एक झाले होते. तेव्हा कपाटांना कड्या हव्यात हे कळले. गाडी किंचित उतारावर उभी होती, त्यामुळे रात्रभर दोघांची डोकी खाली आणि पाय वर. सकाळी पुढच्या चाकांखाली फळ्या सरकवून गाडी सपाट केली. टाकीतले पाणी तीन दिवस पुरेल असा हिशेब होता, ते दुसऱ्या दिवशी दुपारीच संपले, कारण घरच्यासारखा नळ सोडून भांडी घासली गेली. सिलिंडर पट्ट्याने आवळायला हवा, वापरलेले सांडपाणी रस्त्यावर न सोडता डब्यात साठवायला हवे, पंखा रात्रभर चालला तर सकाळी दिव्याला वीज उरत नाही, अशी एकेक गोष्ट पुढे आली. पोळपाट होता, लाटणे घाटकोपरच्या खोक्यात गेले होते. ते आमच्याकडून गेले. सभासदाचा झाडा आठवून आम्ही एका वहीत वस्तू आणि तिची जागा असे दोन रकाने केले आणि प्रत्येक वस्तूला, अगदी काडेपेटीलाही, जागा नेमून दिली.

आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वहिनींनी खरा मुद्दा काढला. हातात भाजीची टोपली होती. त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुमचे पेशवे आणि शिंदे ऐकले. त्यांचे डेरे कोण उभारायचं? चुली कोण मांडायचं? आमचं घर फिरायला निघालं, पण माझं स्वयंपाकघर कुठं सुटलं?" दादा गप्प झाले. इतिहासाच्या पुस्तकांत या प्रश्नाचे उत्तर बहुधा नसते. पण रस्त्यावर असते. दसरा-दिवाळीच्या सुमारास देशावरचे धनगर मेंढरे घेऊन कोकणात उतरतात. माण-फलटणकडचा कोरडा मुलूख सोडून ते घाट उतरतात, कापणी झालेल्या भातखाचरांत मेंढरे बसवतात. शेताला खत मिळते, मेंढरांना चारा मिळतो. पावसाळ्याच्या तोंडाशी ते परत फिरतात. पुरुष मेंढरांबरोबर चालतात, आणि घोड्यांवर बाजा, भांडी, कोंबड्या, कोकरे आणि तान्ही पोरे लादून बिऱ्हाड पुढच्या तळावर नेतात त्या बायका. तळ गाठल्यावर ओझे उतरवणे, पाणी आणणे, चूल पेटवणे हेही त्यांच्याचकडे. गंथर सोन्थायमर यांच्यासारख्या जर्मन पंडिताने आयुष्यातली कित्येक वर्षे या लोकांच्या अभ्यासात घालवली, ती काही उगाच नव्हे.

मग माझे लक्ष त्या म्हणीकडे नव्याने गेले. विंचवाच्या पाठीवर असते तरी काय? विंचवाचे काही घर नसते. विंचवीण पिलांना जन्म देते आणि ती पांढुरकी, मऊ पिले आईच्या पाठीवर चढून बसतात. पहिली कात टाकेपर्यंत ती तिथेच राहतात. मग अंग टणक झाले म्हणजे उतरून आपापल्या वाटेने जातात. म्हणजे म्हणीतले बिऱ्हाड हे सामान नव्हे, ती पिले आहेत; आणि पाठ आहे ती आईची. ज्या पूर्वजाने ही म्हण केली त्याने कीव केली नव्हती, निरखून पाहिले होते.

वहीत त्या रात्री तिसरा रकाना पडला. पहिल्यात वस्तू, दुसऱ्यात तिची जागा आणि तिसऱ्यात ते काम कुणाचे. पाणी भरणे, गाडी सपाट करणे, सांडपाणी टाकणे आणि सकाळचा चहा दादांकडे आला. एका वेळचा स्वयंपाकही आला. तिसऱ्या दिवशी ती मंडळी निघाली आणि दुसरा मुक्काम त्यांनी शहापूरला केला, तिसरा नाशिकला. काशीला पोहोचायला त्यांना ठरवल्यापेक्षा तीन आठवडे जास्त लागले. तिथून वहिनींचा फोन आला तेव्हा मी विचारले, "संध्याकाळी परत कुठं येता?" त्या म्हणाल्या, "दुसऱ्या कप्प्यात काडेपेटी आहे ना, तिथं."

उपनगरांतली कितीतरी घरे येत्या काही वर्षांत पाडली जाणार आहेत. अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत जिकडेतिकडे पत्र्याची कुंपणे उभी आहेत. सगळेच काही मोटारीत राहायला जाणार नाहीत; बहुतेकांना भाड्याच्या दोन खोल्या शोधाव्या लागतील, म्हाताऱ्या आईला चौथ्या मजल्यावरून पाचव्या मजल्यावर न्यावे लागेल, तुळशीला नवी खिडकी द्यावी लागेल. पण तेही बिऱ्हाड पाठीवर घेणेच आहे, आणि जुन्या मुक्कामांचे शहाणपण तिथेही तितकेच लागू पडते. सामानाचा झाडा लिहावा. नव्या जागेत देवघर, चष्मा आणि काडेपेटी यांच्या जागा पहिल्याच दिवशी ठराव्यात. कुणाच्या पाठीवर किती ओझे पडले, हे संध्याकाळी एकदा मोजावे. आणि शक्य असेल तर जुन्या घराची किल्ली हातात असतानाच पहिली रात्र नव्या जागेत काढावी. पालखी पंधरा मिनिटांच्या वाटेवर थांबते, ती पंढरपूर लांब आहे हे विसरून नव्हे. ते लांब आहे म्हणूनच थांबते.